क्वाय नदीचा प्रदेश एका दिवसात उरकू नका

थायलंडच्या सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘क्वाय नदीवरचा पूल’ आणि ‘एरावण धबधबा’ एकाच दिवसाच्या रकान्यात दिसले, तर पैसे भरण्याआधी थांबा. आमच्या पत्रिकेत तसंच होतं. बँकॉकहून पहाटे निघायचं, कांचनाबुरीत पूल बघायचा, धबधब्यात डुंबायचं आणि रात्री परत. कागदावर सगळं नीट बसलं होतं. पण बँकॉक ते कांचनाबुरी हेच सुमारे 130 किलोमीटर, तिथून एरावण आणखी 65 आणि मग तेवढंच परत. दिवसाचा मोठा भाग गाडीतच गेला. पुलावर फोटोपुरते थांबलो. युद्धकैद्यांची वॉर सिमेट्री बसच्या खिडकीतून दाखवण्यात आली. एरावणला पोहोचलो तेव्हा धबधब्याच्या वरच्या टप्प्यांकडे कुणाला सोडत नव्हते. आमच्या गटात एक निवृत्त सुभेदार होते. त्यांना थडग्यांपाशी दोन मिनिटं उभं राहायचं होतं, तसं त्यांनी दोनदा सांगितलंही. बस थांबली नाही.

पुढच्या खेपेला आम्ही दोघंच गेलो, कांचनाबुरीत मुक्काम केला आणि सगळं सावकाश पाहिलं. त्या अनुभवावरून सांगते: किमान दोन रात्री द्या. तेवढा वेळ नसेल तर पूल किंवा धबधबा, एकच काहीतरी निवडा.

नकाशावर सगळं जवळ वाटतं, पण इथे दोन नद्या आहेत. क्वाय याई आणि क्वाय नोई या कांचनाबुरी गावाजवळ एकत्र येतात आणि पुढे मे क्लोंग होतात. एरावण क्वाय याईच्या खोऱ्यात आहे. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी बांधवून घेतलेली रेल्वे मात्र पुलावरून पलीकडे जाऊन क्वाय नोईच्या काठाने वर चढते. म्हणून दोन्हींसाठी वेगवेगळे दिवस हवेत.

ही रेल्वे का बांधली, ते जाण्याआधी वाचून ठेवा, नाहीतर पूल हा फक्त लोखंडाचा सांगाडा दिसतो. 1942 मध्ये ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात आला. तिथल्या सैन्याला रसद पोहोचवायचा मार्ग समुद्रातून होता आणि जूनमधल्या मिडवेच्या पराभवानंतर तो धोक्याचा झाला. म्हणून थायलंडमधलं बान पोंग आणि ब्रह्मदेशातलं थानब्युझायत यांना जोडणारा 415 किलोमीटरचा लोहमार्ग डोंगर-जंगलातून काढायचं ठरलं. ऑक्टोबर 1943 मध्ये दोन्ही बाजूंचे रूळ जुळले. साधारण सव्वा वर्षात हे काम झालं, तेही बहुतांशी माणसांच्या हातांनी. साठ हजारांहून अधिक ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, डच आणि काही अमेरिकन युद्धकैदी त्यावर राबले. त्यांतले बारा हजारांहून जास्त उपासमार, मारहाण, मलेरिया, आमांश आणि पटकीने मेले.

पुलावर गेलात तर कमानींकडे नीट बघा. गोलाकार कमानी जुन्या, त्या जावाहून आणल्या होत्या. मधल्या दोन कोनदार कमानी युद्धानंतर बसवल्या, कारण दोस्तांच्या विमानांनी तो भाग उडवला होता. 1957 च्या प्रसिद्ध सिनेमातला पूल इथला नाही, ते चित्रीकरण श्रीलंकेत झालं. पुलावरून आजही गाडी जाते. रुळांमधून चालताना गाडी आली तर बाजूला उभं राहायला छोटे सज्जे आहेत. ते आधी हेरून ठेवा आणि मुलांचा हात सोडू नका. फोटोच्या नादात गाडी अगदी जवळ येईपर्यंत रुळांवर थांबलेली माणसं मी पाहिली आहेत.

सिमेट्रीला सकाळी, ऊन चढण्याआधी जा. गावातच आहे. ती राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाकडे आहे, म्हणजे पुण्यात खडकीची सिमेट्री ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडेच. जवळजवळ सात हजार थडगी, बहुतेकांवर नाव, पलटण, वय. वय वाचत चला. तेवीस, एकवीस, पुन्हा तेवीस. मे-जून 1943 मध्ये रेल्वेवरच्या निएके छावणीत पटकीने मेलेल्या तीनशे जणांचं दहन करावं लागलं. त्यांची राख इथे दोन थडग्यांत आहे आणि नावं बाजूच्या मंडपात कोरली आहेत. बहुतेक भारतीय पर्यटकांच्या नजरेतून सुटणारी गोष्ट प्रवेशद्वाराच्या इमारतीतच आहे. अविभाजित भारताच्या सैन्यातल्या अकरा जणांची नावं तिथे लिहिली आहेत. थायलंडमधल्या मुस्लिम दफनभूमींत त्यांना पुरलं होतं आणि त्या थडग्यांची निगा राखणं शक्य झालं नाही. आमचे सुभेदार त्या दिवशी बसमधून उतरले असते, तर ही नावं त्यांना वाचता आली असती. त्या आयोजकांवरचा माझा राग अजून गेलेला नाही तो याचसाठी.

पण एवढ्यावर परत फिरू नका. या रेल्वेवर सर्वांत जास्त मेले ते युद्धकैदी नव्हते. मलाया, ब्रह्मदेश, जावा इथून आणलेले दोन लाखांच्या आसपास आशियाई मजूर होते. त्यांत मलायाच्या रबराच्या मळ्यांतले तमिळ फार मोठ्या संख्येने. आधी मजुरीचं आमिष दाखवलं, माणसं पुरेनात तेव्हा धरून आणली. किती मेले? अभ्यासक नव्वद हजारांच्या घरातला आकडा देतात. तो अंदाजच आहे, कारण नोंद ठेवणारं कुणी नव्हतं. कैद्यांबरोबर त्यांचे अधिकारी होते, लष्करी डॉक्टर होते, मेलेल्यांच्या याद्या लपवून का होईना ठेवल्या जात होत्या. युद्ध संपताच 1945 मध्ये शोधपथक या मार्गावरून फिरलं आणि त्याला 144 दफनस्थळं आणि दहा हजारांहून अधिक थडगी सापडली. मजुरांच्या वस्त्यांवर पटकी आली तेव्हा बहुतेक ठिकाणी ना डॉक्टर होता, ना यादी. त्यांच्यासाठी शोधपथकही निघालं नाही.

त्यांची आठवण सिमेट्रीजवळच्या वाट थावोर्न वराराम या मंदिराच्या आवारात आहे. अनाम मजुरांच्या अवशेषांवर तिथे स्तूप आहे. 2023 मध्ये तिथेच तमिळ मजुरांसाठी नडुकल, म्हणजे स्मृतीचा दगड, उभारला गेला. आपल्या गावच्या देवळाबाहेरचा वीरगळ ज्याने पाहिला आहे, त्याला हा दगड कशासाठी उभा आहे ते सांगावं लागत नाही. सहलीच्या बस इथे येत नाहीत. तुम्ही मात्र पायी या.

दुसऱ्या दिवशी हेलफायर पास, म्हणजे रेल्वेसाठी कातळ फोडून काढलेली खिंड. कांचनाबुरीपासून सुमारे 80 किलोमीटर, महामार्ग 323 वर. ऑस्ट्रेलिया सरकारने 1998 मध्ये तिथे संग्रहालय उभारलं. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. कानाला लावायचं ध्वनियंत्र मिळतं, ते जरूर घ्या. त्यात कैद्यांच्या स्वतःच्या आवाजातल्या आठवणी आहेत. खिंडीत उतरायला बऱ्याच पायऱ्या आहेत आणि त्याच पुन्हा चढायच्या असतात. गुडघे दुखत असतील तर सकाळी पोहोचा आणि पाणी बरोबर ठेवा. खाली उभं राहिलं की दोन्ही बाजूंना कातळ उंच जातो. एकाने पोलादी पहार धरायची, दुसऱ्याने घण घालायचा, भोक झालं की सुरुंग. उरलेला दगड हातांनी उचलायचा. 1943 च्या पावसाळ्यात काम रात्रीही चालू होतं, मशाली आणि शेकोट्यांच्या उजेडात. इथे मोठ्याने बोलू नका, डबे उघडू नका. 25 एप्रिलला पहाटे इथे ऑस्ट्रेलियन लोकांची स्मरणसभा असते आणि मोठी गर्दी होते.

परतताना नाम तोक ते कांचनाबुरी रेल्वेने या. जुन्या मार्गाचा वापरात असलेला भाग नाम तोकपर्यंतच आहे, पुढचे रूळ काढून टाकले. वाटेत थाम क्रासेला गाडी कड्याला चिकटून, लाकडी खांबांवरून, नदीच्या वर अगदी हळू जाते. नाम तोककडे जाताना नदी डाव्या हाताला असते, परतताना उजव्या. गाडीला उशीर होतो, म्हणून त्याच संध्याकाळचं विमान ठरवू नका. साई योक नोई धबधबा नाम तोकजवळच आहे, दमलेल्या मुलांना तिथे न्या.

एरावण वेगळ्या दिवशी, आणि सकाळीच. सात टप्पे आहेत, दीड-दोन किलोमीटरची चढती वाट. चुनखडीमुळे पाणी निळसर-हिरवं दिसतं आणि उन्हात त्याचा तळ स्वच्छ दिसतो. दुसऱ्या टप्प्यापुढे खाद्यपदार्थ नेता येत नाहीत, पाण्याच्या बाटलीसाठी अनामत ठेवावी लागते. हा नियम मला फार आवडला. वरचे टप्पे दुपारनंतर बंद होतात, तेव्हा आधी थेट वर जा आणि उतरताना डुंबा. लाइफ जॅकेट भाड्याने मिळतं, पोहता येत असलं तरी घ्या. कुंडांची खोली वरून कळत नाही. दगडांवर शेवाळ असतं, साध्या चपला चालत नाहीत, मागे पट्टा असलेली पकड घेणारी पादत्राणं हवीत. मासे पायांना टोचतात, त्याने काही होत नाही. माकडं मात्र पिशव्या पळवतात, पारपत्र पिशवीत ठेवून पाण्यात उतरू नका. जोराचा पाऊस चालू असेल तर रक्षक वाट बंद करतात. वाद न घालता मागे फिरा. बसने गेलात तर परतीची शेवटची बस किती वाजता, ते उतरल्याबरोबर चालकाला विचारा.

मार्च ते मे तिकडे जाऊ नये असं माझं मत. ऊन कडक आणि धबधबे बारीक होतात. नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरच्या सुरुवातीला पुलाजवळ प्रकाश-ध्वनीचा वार्षिक उत्सव असतो. तेव्हा जायचं तर खोली फार आधी ठरवावी लागते. गर्दी नको असेल तर उत्सव आटोपल्यानंतरचा डिसेंबर निवडा. हवा गार असते आणि एरावणला पाणीही असतं.