पैदाशीचा बोकड कसा निवडाल?

मटणासाठी उस्मानाबादी शेळ्या पाळताय आणि कळपाला नवा बोकड हवाय? चला, सोबतच जाऊ. खिशात शिलाईची टेप ठेवा. पैशाचं पाकीट मात्र सध्या आतल्या खिशातच राहू द्या.

1. आधी शेळ्या मोजा. 25 ते 30 शेळ्यांमागे एक बोकड पुरतो. कोवळ्या बोकडावर एवढा भार टाकू नका, तो खंगतो.

2. खरेदीचा महिना ठरवा. बकरी ईदच्या आधीचे आठवडे टाळा. तेव्हा रूपाला भाव असतो आणि तुम्हाला रूप नको, पिल्लं हवीत.

3. छत्रपती संभाजीनगरच्या छावणीतल्या गुरुवारच्या बाजारात चक्कर मारून भाव ऐका. तिथे सौदा मात्र करू नका. बाजारात बोकड दिसतो, त्याची आई दिसत नाही.

4. आता बोकड जिथे जन्मला तिथे जा. त्याच शहरालगत पडेगावला शेळी-मेंढी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र आहे, तिथे चौकशी करा, किंवा ओळखीच्या शेळीपालकाचा गोठा गाठा.

5. आई दाखवायला सांगा. कास मऊ, दोन्ही सड सारखे आणि वेताला जुळी करडं, हे बघा. मालक दोन-तीन शेळ्यांकडे मोघम हात करत असेल, तर घरातल्या लहान पोराला हळूच विचारा. पोरं खरं सांगतात.

6. खालचा ओठ ओढून पुढचे दात मोजा. दोन मोठे दात आले असतील तर वय साधारण सव्वा वर्ष. हाच तुमचा माल. अदंत असेल तर थांबावं लागेल. आठही दात जुळलेले असतील, तर त्याची उमेद दुसऱ्याच्या गोठ्यात खर्च झाली असं समजा.

7. मागे उभं राहून दोन्ही वृषण हातात घ्या. ते सारख्या आकाराचे, घट्ट आणि आत सहज सरकणारे हवेत. एक लहान, एक वरच अडकलेला किंवा कुठे गाठ लागली, की तिथूनच नमस्कार करा. इथे लाजू नका. गुबगुबीत, चकचकीत बोकड कधी कधी खच्ची केलेला निघतो आणि हे हाताशिवाय कळत नाही.

8. दावं सैल सोडून कडक जमिनीवर चालवायला लावा. मालक दावं वर ताणून धरत असेल तर लंगडेपणा झाकतोय.

9. टेप काढा. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर, मग खांद्याच्या टोकापासून माकडहाडापर्यंत लांबी, दोन्ही इंचात घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660, म्हणजे अंदाजे किलो. घेर 28 आणि लांबी 26 असेल तर जवळपास 31 किलो. काट्यावरच तोलणार असाल तर आधी पाणी पाजलंय का बघा; पोटातल्या पाण्याचेही पैसे लागतात.

10. माजावरची शेळी समोर आणायला सांगा. बोकडाने हुंगून ओठ वर करावा, मागे लागावं. नुसता चारा चघळत उभा राहिला तर घाई नको.

11. विसार देऊन पशुवैद्यकाकडून ब्रुसेलोसिससाठी रक्त तपासून घ्या. पूर्ण रक्कम अहवाल हातात आल्यावरच द्या.

12. कानातल्या बिल्ल्यावरचा 12 अंकी क्रमांक पावतीवर लिहून घ्या. एक अंक चुकला तरी लगेच दुरुस्त करून घ्या, नंतर फिरावं लागतं.

13. घरी आणल्यावर 21 दिवस वेगळा बांधा. याच काळात डॉक्टरांच्या सल्ल्याने जंताचं औषध, पीपीआर आणि आंत्रविषाराची लस उरका. पाण्याचं भांडंही वेगळं ठेवा.

14. मग कळपात सोडा आणि तारीख भिंतीवर लिहा. पाच महिन्यांनी करडं येतील. त्याच्याच पाठी माजावर यायच्या आत बोकड बदला. वर्ष उलटलं की दुसऱ्या गोठ्याशी अदलाबदलीचं बोलणं सुरू करा.