हंगामी काम आणि राहण्याची सोय

प्रश्न : ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसावर ऑस्ट्रेलियाला निघालोय. राहण्याच्या सोयीसह शेतावर किंवा कॅम्पग्राउंडवर काम कसं शोधू?

उत्तर : हंगाम पाहून मुक्काम ठरवा. साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात डार्विन-कॅथरीनकडे आंबा, डिसेंबर-जानेवारीत टास्मानियात चेरी. सरकारी ‘हार्वेस्ट ट्रेल’ सेवेवर अशी कामं मोफत कळतात. कामासाठी आधी पैसे मागणाऱ्याला अजिबात देऊ नका.

राहण्याचं मात्र नीट विचारा : खोलीत किती जण, भाडं किती, पाऊस पडून तोडणी थांबली तरी ते द्यावं लागेल का? पगारातून भाडं कापायला तुमची लेखी संमती लागते. एप्रिल २०२२ पासून फळतोडणीत नगावर मजुरी असली तरी तासाचं किमान वेतन मिळायलाच हवं. म्हणून रोजचे तास स्वतःच्या वहीत लिहा. कॅम्पग्राउंडवर ‘फुकट राहा, पगार नाही’ म्हणाले, तर नाही म्हणा.