नाकपट्टीचा ताण आणि स्वारीतील घोड्याचे वर्तन

माथेरानच्या वाटांवर पर्यटकांना वाहून नेणारा किंवा सारंगखेड्याच्या यात्रेत विक्रीस आलेला घोडा स्वारीच्या वेळी मान झटकू लागला, की तो ‘खोडील’ ठरतो. प्रत्यक्षात अनेकदा दोष लगामाच्या बांधणीत असतो.

नाकपट्टी फार आवळल्यास घोड्याला तोंड उघडून कडियाळाचा दाब टाळता येत नाही. सन 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 12 घोड्यांची नाकपट्टी पूर्ण आवळली असता हृदयगती वाढली व चघळणे कमी झाले. पट्टी सोडल्यावर जांभया देणे व गिळणे वाढले. बाहेरून शांत दिसणारा घोडा आतून ताणाखाली असू शकतो.

मान झटकण्यास माश्याही कारणीभूत असतात. घोडा लगामाविना उभा असतानाही मान झटकत असेल, तर प्रथम माश्यांचा बंदोबस्त करावा. केवळ लगाम घातल्यावरच झटकत असेल, तर पट्टी, कडियाळ व दात तपासावेत. पट्टीखाली कातडी सोलवटल्यास दोन्ही त्रास एकत्र येतात. क्रायसोमिया बेझियाना ही माशी जखमेच्या कडेला अंडी घालते आणि तिच्या अळ्या जिवंत मांस खातात. अशा वेळी पशुवैद्यकास त्वरित दाखवावे.

तपासणीची रीत सोपी आहे. नाकाच्या हाडावर, समोरच्या बाजूने, पट्टीखाली प्रौढ माणसाची दोन बोटे सहज सरकली पाहिजेत. गालाजवळ पोकळी असल्याने तेथील मोजमाप फसवे ठरते. डोईपट्टी कानांच्या मुळाशी रुतू नये. घाम व धूळ साचलेले चामडे रोज पुसावे. चाबूक उचलण्यापूर्वी पट्टी तपासावी.