जुन्या मालवाहू गाडीतील बॉडी कंट्रोल मॉड्यूल : तपासणी व बदल

फळे, भाजीपाला यांसारखा नाशवंत माल वेळेवर बाजारात पोहोचवण्यासाठी अनेक शेतकरी बंधूंकडे स्वतःची पिकअप किंवा ट्रक असतो. ओतूर, जुन्नर भागातील भाजीपाला माळशेज घाट उतरून मुंबईकडे जातो. अशा वाटेवर रात्री ऐन पावसात वायपर थांबला किंवा हेडलाइट गेले, तर मालाबरोबर जीवही धोक्यात येतो. असा बिघाड झाला की 'मॉड्यूल गेले' असे सांगून महागडा भाग बदलला जातो आणि काही दिवसांत तोच बिघाड पुन्हा उद्भवतो. म्हणून मॉड्यूल बदलण्यापूर्वी तपासणी कशी करावी व बदलताना कोणती दक्षता घ्यावी, याची माहिती येथे दिली आहे.

मॉड्यूलचे कार्य

पूर्वीच्या गाड्यांत बटणापासून निघालेली तार फ्यूज व रिलेमार्गे थेट दिव्यापर्यंत जात असे. त्यानंतरच्या बऱ्याच गाड्यांत बटण केवळ इशारा देते. तो इशारा बॉडी कंट्रोल मॉड्यूलकडे जातो आणि हेडलाइट, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, दरवाजांची कुलुपे इत्यादींना वीज सोडण्याचे काम मॉड्यूल करते. काही गाड्यांत चोरी रोखणारी किल्लीची ओळखही त्यातच असते. हे मॉड्यूल बहुधा डॅशबोर्डखाली असते. आपल्या गाडीत ते आहे किंवा नाही, हे गाडीच्या पुस्तिकेवरून पाहावे.

बिघाडाची लक्षणे

एकच दिवा बंद असेल तर दोष बहुधा बल्ब, फ्यूज किंवा तारेत असतो. मात्र परस्परांशी संबंध नसलेल्या अनेक गोष्टी एकाच वेळी बिघडल्यास, उदा. इंडिकेटर दिला असता वायपर हलणे, दिवे आपोआप लागणे किंवा रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी उतरणे, मॉड्यूलचा संशय घ्यावा. परंतु कमकुवत बॅटरी व खराब अर्थिंग यांमुळेही हीच लक्षणे दिसतात, हे विसरू नये.

बदलण्यापूर्वीची तपासणी

मल्टिमीटरच्या साहाय्याने पुढील क्रमाने तपासणी करावी.

१) बॅटरी : गाडी काही तास बंद ठेवल्यानंतर १२ व्होल्टची पूर्ण भारित बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना साधारणपणे १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळावेत. २४ व्होल्टच्या मोठ्या ट्रकमध्ये हे आकडे दुप्पट धरावेत.

२) फ्यूज व रिले : मॉड्यूलला वीज देणारे सर्व फ्यूज तपासावेत. एकाच मॉड्यूलला अनेक फ्यूजमधून वीज मिळत असते. उडालेल्या फ्यूजच्या जागी तार अगर जादा अँपिअरचा फ्यूज कदापि घालू नये.

३) अर्थिंग : हेडलाइट लावून बॅटरीचे ऋण टोक व मॉड्यूलची अर्थिंगची तार यांमधील व्होल्टेज मोजावे. ते ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आल्यास अर्थिंग खराब समजावे. चेसिसवरील बोल्ट काढून गंज पत्र्यापर्यंत घासावा व पुन्हा घट्ट बसवावा. खताच्या गोण्या वाहणाऱ्या गाड्यांत खताच्या क्षारांमुळे हा गंज लवकर चढतो.

४) कनेक्टर व वायरिंग : पिनांवर हिरवट थर, ओल किंवा वाकलेली पिन आहे का ते पाहावे. समोरच्या काचेच्या रबरातून झिरपणारे पाणी डॅशबोर्डखाली उतरते. गोदामात किंवा गोठ्यालगत उभ्या गाडीची वायरिंग उंदीर कुरतडतात. मॉड्यूलच्या पिना साध्या बल्बच्या टेस्ट लॅम्पने तपासू नयेत, जादा प्रवाहाने आतील नाजूक भाग जळू शकतात.

५) अंतिम निर्णय : वीज व अर्थिंग ठीक आहे, बटणाचा इशारा मॉड्यूलपर्यंत पोहोचतो, परंतु पुढे वीज सोडली जात नाही, असे आढळल्यासच मॉड्यूल सदोष ठरवावे. त्यातही बाहेर जाणारी तार चेसिसला लागून शॉर्ट झालेली नाही याची खात्री करावी. तसे असल्यास नवे मॉड्यूलही जळण्याचा धोका असतो.

नवे मॉड्यूल घेताना

केवळ आकार व कनेक्टर जुळणे पुरेसे नाही. जुन्या मॉड्यूलवरील पूर्ण भाग क्रमांक व गाडीचा चेसिस क्रमांक देऊनच खरेदी करावी. बहुतेक मॉड्यूलना गाडीतील सोयींनुसार स्कॅनरवर कोडिंग करावे लागते. जेथे किल्लीची ओळख मॉड्यूलमध्ये असते, तेथे किल्ल्याही नव्याने जोडाव्या लागतात. भंगार बाजारातील मॉड्यूल स्वस्त मिळाले, तरी ते पूर्वीच्या गाडीच्या चेसिस क्रमांकाशी बांधलेले असू शकते. म्हणून कोडिंग करून देणारा कारागीर आधी ठरवावा, मग पैसे मोजावेत.

बदलण्याची पद्धत

- जुने मॉड्यूल प्रतिसाद देत असल्यास त्यातील माहिती स्कॅनरने काढून ठेवावी.
- किल्ली काढून बॅटरीचे ऋण टोक सोडवावे व काही मिनिटे थांबावे. एअरबॅग असल्यास तिच्या पिवळ्या कनेक्टरांना हात लावू नये.
- कनेक्टरांच्या जागांची मोबाईलवर छायाचित्रे घ्यावीत. कनेक्टर लॉक उघडून काढावेत, तारांना धरून ओढू नयेत.
- अंगातील स्थिर वीज जावी म्हणून गाडीच्या उघड्या धातूला हात लावून मगच नवे मॉड्यूल हाताळावे.
- सर्व कनेक्टर बसल्यानंतरच बॅटरी जोडावी. कोडिंग चालू असताना बॅटरीला योग्य चार्जर लावावा. मध्येच व्होल्टेज पडल्यास नवे मॉड्यूल निकामी होऊ शकते.
- शेवटी दिवे, इंडिकेटर, वायपर, हॉर्न व कुलुपे एकेक करून तपासावीत. प्रत्येक किल्लीने गाडी सुरू होते का ते पाहावे.

पुढील काळजी

हौद्याचे किंवा चेसिसचे वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरी सोडवावी, मॉड्यूलचे कनेक्टर काढावेत आणि वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प जोडाच्या अगदी जवळ लावावी. १२ व्होल्टच्या गाडीला २४ व्होल्टच्या ट्रकवरून जंप स्टार्ट देऊ नये. जादा दिवे किंवा मोठा हॉर्न बसवायचा असल्यास स्वतंत्र फ्यूज व रिले वापरावा, मूळ तार सोलून जोड देऊ नये. गाडी धुताना डॅशबोर्डखाली पाण्याचा फवारा मारू नये. पावसाळ्यापूर्वी काचेचे रबर व अर्थिंगचे बोल्ट तपासावेत.

थोडक्यात, बॅटरी, फ्यूज, अर्थिंग व कनेक्टर यांची तपासणी तासाभरात होते व तिला फारसा खर्च येत नाही. ती स्वतः करावी किंवा ऑटो इलेक्ट्रिशियनकडून आपल्यासमोर करून घ्यावी आणि मगच मॉड्यूल बदलण्याचा निर्णय घ्यावा. तोपर्यंत दिवे व वायपर यांची खात्री नसलेली गाडी रात्री माल भरून घाटात नेऊ नये.