जखमी जवानाची उडती डोली

मंडळी, आपल्या मस्तगडाच्या आसपासच्या म्हाताऱ्या माणसांनी हे दिवस पाहिले आहेत. घरात कोणी अत्यवस्थ झाले, की त्याला बाजेवर निजवायचे. चौघांनी बाज खांद्यावर घ्यायची. नाहीतर बैलगाडी जुंपायची. वाटेत ओढ्याला पूर आला, की काठावर बसून राहायचे. अशा वेळी कित्येकांचा जीव वाटेतच गेला. जालन्यात डॉक्टर होता, औषधही होते. पण वेळ हातात राहिली नाही.

लढाईत जखमी झालेल्या जवानाचेही तसेच असते. गोळी लागते, रक्त वाहू लागते. पहिला तास मोलाचा. त्या तासात डॉक्टरचा हात लागला, तर माणूस वाचण्याची आशा फार. म्हणून जखमीला लवकर कसे न्यावे, हा सैन्यापुढचा मोठा प्रश्न.

पूर्वी जखमींना डोलीत किंवा खेचरावर घालून नेत. पुढे विमान आले. १९४७ साली काश्मीरमध्ये पूंछ शहराला शत्रूने वेढा घातला. वाटा बंद झाल्या. तेव्हा जवानांनी आणि गावकऱ्यांनी मिळून विमानासाठी धावपट्टी तयार केली. तिथे आपली डकोटा विमाने उतरू लागली. येताना धान्य आणि दारूगोळा आणत, जाताना जखमींना आणि निर्वासितांना घेऊन जात. डकोटाने पुष्कळांचे प्राण वाचवले. पण त्याची एक अडचण होती. विमानाला उतरायला लांब, सपाट पट्टी लागते. डोंगराच्या कड्यावर ती कुठून आणायची?

ही अडचण हेलिकॉप्टरने सोडवली. ते उभेच्या उभे वर जाते आणि तसेच खाली येते. खळ्याएवढी मोकळी जागा त्याला पुरते. १९४४ साली ब्रह्मदेशाच्या जंगलातून हेलिकॉप्टरने पहिल्यांदा जखमी सैनिक बाहेर काढले. ते हेलिकॉप्टर इतके लहान होते, की एका खेपेला एकच माणूस नेता येई. पुढे कोरियाच्या लढाईत हेलिकॉप्टरच्या दोन्ही बाजूंना बाहेरून स्ट्रेचर बांधत आणि त्यावर जखमींना नेत.

आपल्या सैन्यात चेतक आणि चीता नावाची हेलिकॉप्टरे आली. मूळ बनावट फ्रान्सची, पण ती आपल्याच देशात, बंगळूरच्या कारखान्यात तयार झाली. १९९९ च्या कारगिल युद्धात चीता हेलिकॉप्टरांनी डोंगरावरून जखमी जवान खाली आणले. ती चालवणाऱ्यांत गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन या दोन तरुण मुलीही होत्या. सैन्यातल्या वैमानिकांना हेलिकॉप्टर चालवण्याचे शिक्षण आपल्या महाराष्ट्रातच, नाशिकला मिळते.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. छताचा पंखा हवा खाली लोटतो. हेलिकॉप्टरची मोठी पातीही हवा खाली लोटतात आणि त्या जोरावर ते वर उचलले जाते. पण उंच डोंगरावर हवा विरळ असते. १८,००० फुटांवर हवेचा दाब निम्म्यावर येतो. पात्यांना रेटायला हवा कमी, इंजिनालाही हवा कमी. मग ओझे थोडेच उचलते. सियाचेनच्या सगळ्यात उंच चौक्यांवर चीता एका खेपेत जेमतेम काही किलो सामान नेऊ शकते.

३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचेनमध्ये एका चौकीवर बर्फाचा कडा कोसळला. दहा जवान गाडले गेले. त्यांत सातारा जिल्ह्यातले सुनील सूर्यवंशी होते. ते लढाईवाले शिपाई नव्हते, आजारी जवानांची शुश्रूषा करणारे होते. सहाव्या दिवशी बर्फाखाली एकच जवान जिवंत सापडला. त्याचे नाव हणमंतप्पा. त्याला हेलिकॉप्टरने खाली आणले आणि तिथून विमानाने दिल्लीच्या इस्पितळात नेले. डॉक्टरांनी शिकस्त केली, पण ११ फेब्रुवारीला तो गेला. हेलिकॉप्टर आणि विमान एकमेकांचे वैरी नाहीत, हे यावरून कळते. डोंगर उतरायला हेलिकॉप्टर, लांबचा पल्ला गाठायला विमान.

चीताने मोठी सेवा केली खरी, पण आता ते म्हातारे झाले आहे. त्याची बनावट पन्नास वर्षांहून जुनी. इंजिन एकच. डोंगरात ते बंद पडले, तर उतरणार कुठे? अपघातांत आपले वैमानिक गेले. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री होते, तेव्हा सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या पत्नी त्यांच्याकडे गेल्या. जुनी हेलिकॉप्टरे बदला, अशी त्यांनी मागणी केली. त्यांचे म्हणणे रास्त होते. एकाचा जीव वाचवायला निघालेल्याचा जीव धोक्यात का घालावा?

त्यांच्या जागी नवी येत आहेत. ध्रुव हे आपल्या देशात घडवलेले हेलिकॉप्टर. त्याला दोन इंजिने आहेत आणि आत चार स्ट्रेचर मावतात. चीता-चेतकच्या जागेसाठी आणखी एक लहान, नवे हेलिकॉप्टर तयार केले आहे. ते २०१६ साली पहिल्यांदा उडाले. कर्नाटकात तुमकूरजवळ त्याचा कारखाना आहे. जुनी हेलिकॉप्टरे हळूहळू निवृत्त करायची ठरले आहे.

मंडळी, गावात हेलिकॉप्टर येणार नाही. पण तो मोलाचा तास आपल्यालाही आहे. अपघात झाला, की १०८ ला फोन करा. गावाचे नाव आणि वाटेची खूण नीट सांगा. रक्त वाहत असेल, तर स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरा. बघ्यांची गर्दी हटवा. सीमेवर आपल्यापैकी कोणाचा तरी लेक आहे. त्याच्यासाठी वैमानिक जिवावर उदार होतो. शेजाऱ्यासाठी आपण एवढे तरी करू या.

प्रश्न
१. पूंछला डकोटा विमान उतरवण्यासाठी काय करावे लागले?
२. उंच डोंगरावर हेलिकॉप्टर ओझे कमी का उचलते?
३. तुमच्या गावात रात्री अपघात झाला, तर तुम्ही काय काय कराल? वर्गात सांगा.