यादी दिसते, पण मशीन उघडत नाही : नेटवर्क स्टोरेजचा दोष कसा शोधावा?

प्रात्यक्षिक परीक्षेला दोन दिवस उरले होते. सकाळी लॅब उघडली, तर एकही व्हर्च्युअल मशीन सुरू होईना. मुलांचे वर्षभराचे प्रोजेक्ट त्यातच. एक जण म्हणाला, "स्टोरेज फॉरमॅट करून पुन्हा जोडू या." ऐकलं असतं तर सगळं गेलं असतं! म्हणून हा धडा.

आधी रचना समजून घेऊ. होस्ट म्हणजे ताकदीचा संगणक. त्यावर अनेक आभासी संगणक चालतात. त्यांच्या डिस्क म्हणजे मोठ्या फाइली, आणि त्या असतात दुसऱ्या यंत्रावर, म्हणजे नेटवर्क स्टोरेजवर. होस्ट हा वर्ग समजा, स्टोरेज ही वह्यांची खोली, आणि मधले स्विच व केबल म्हणजे व्हरांडा. व्हरांडा अडला म्हणून वह्या जाळायच्या नसतात.

आता क्रमाने तपासा :

१. किती मशीन बंद आहेत? एकच असेल तर दोष बहुधा तिच्यातच. एकाच होस्टवरची सगळी असतील तर त्याची केबल आणि नेटवर्क कार्ड पाहा. सगळ्या होस्टवरची असतील तर स्विच किंवा स्टोरेज.

२. स्टोरेजमध्ये जागा आहे का? जुने स्नॅपशॉट गुपचूप वाढत जातात.

३. परवानगी आहे का? एनएफएस वापरत असाल तर स्टोरेजवरच्या यादीत होस्टचा आयपी पत्ता हवा. पत्ता बदलला की दार बंद.

४. पिंग जातो का? साधा आणि मोठा, दोन्ही करून पाहा.

आम्ही चौथ्या पायरीवर फसलो. साधा पिंग जात होता, फाइलींची यादीही दिसत होती. म्हणून "नेटवर्क ठीक आहे" असं मी ठरवूनच टाकलं. पण होस्ट आणि स्टोरेज दोन्हीकडे एमटीयू, म्हणजे एका पाकिटाची कमाल मर्यादा, ९००० बाइट होती. आदल्या संध्याकाळी बसवलेल्या नव्या स्विचवर ती १५०० च होती. छोटी पाकिटं जात, मोठी वाटेतच टाकली जात.

हे पकडायचं कसं? 'तुकडे करू नको' ही अट घालून ८९७२ बाइटचा पिंग करा. ९००० मधून आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ बाइट वजा केले की ८९७२ उरतात. हा पिंग अडला, आम्हाला उत्तर मिळालं. स्विचवर मोठ्या पाकिटांना परवानगी दिली आणि मशीन सुरू झाल्या. एकही प्रोजेक्ट गेला नाही.

वर्गात आपण विचारतो, "समजलं का?" मुलं म्हणतात, "हो बाई!" खरं कळतं ते गणित सोडवायला दिल्यावरच. साधा पिंग म्हणजे तो "हो बाई".

जाता जाता गृहपाठ : लॅबमध्ये एक वही ठेवा. काय बदललं, कधी बदललं, कोणी बदललं, ते लिहा. आणि प्रोजेक्टची एक प्रत स्टोरेजच्या बाहेर ठेवा. आजच!