अभ्यासपाठ : पूजेची टोपली भरताना



श्रावण तोंडावर आला आहे. बेल कुठे मिळेल, पत्री कोण आणणार, ही विचारणा आपल्या सगळ्या कौटुंबिक गटांवर सुरू झाली आहे. म्हणून यावेळचा पाठ त्यावरच घेत आहोत. दारातली झाडं, त्यांच्यावर राहणारे जीव आणि आपली पूजेची टोपली, एवढाच विषय.

आधी आमच्या हातून घडलेलं सांगतो.

गेल्या श्रावणात सोमवारच्या पूजेला 1001 बेलपानं वाहायचं ठरलं. सोमवारी बेल तोडत नाहीत, म्हणून आम्ही पाच-सहा जणी रविवारी सकाळीच टोपल्या घेऊन निघालो. घाई होती. एकेक पान खुडत बसायला वेळ नव्हता, म्हणून सरळ डहाळ्याच मोडल्या. केंद्रावर येऊन पानं निवडायला बसलो, तर एका डहाळीला चार काटक्यांचं विरळ घरटं अडकलेलं, आणि टोपलीच्या तळाशी फुटलेलं पांढरं अंडं. होल्याचं. होला बहुतेक दोन अंडी घालतो. दुसरं कुठे पडलं ते कळलंच नाही.

त्याच दुपारी पारायणात एकनाथी भागवताचा सातवा अध्याय होता. अवधूत यदुराजाला आपले 24 गुरू सांगतो, त्यातली कपोताची कथा याच अध्यायात येते. पारधी जाळं पसरतो, पिल्लं अडकतात, त्यांच्यामागे कपोती आणि शेवटी कपोत. आसक्तीचा धडा म्हणून ही कथा आपण कितीदा ऐकली आहे. होला कबुतराच्याच कुळातला. त्या दिवशी मात्र वाचणारीचा आवाज अडखळला. आपण या कथेत स्वतःला नेहमी कपोताच्या जागी बघतो. त्या सकाळी आम्ही पारध्याच्या जागी होतो, आणि तेही देवाच्या नावाने.

पूजा झाली, पण प्रसाद गोड लागला नाही. पुढे कितीतरी दिवस आम्ही यावर आपसात बोलत राहिलो. त्यातून जे उमगलं ते असं.

*भ्रमराकडून काय शिकायचं*

अवधूताच्या गुरूंमध्ये भ्रमरही आहे. भ्रमर प्रत्येक फुलातून थोडंच घेतो आणि फूल तसंच राहतं. आपली माधुकरी यावरूनच आली. एका घरावर भार न टाकता पाच घरी थोडं थोडं मागायचं. भिक्षेला लागू असलेला हा नियम पत्रीला का नको? एकच झाड ओरबाडण्यापेक्षा चार झाडांची चार-चार पानं घ्यावीत.

दुसरा धडा साठवणीचा. उद्यासाठी साठवून ठेवणारी मधमाशी मधासकट जाते, असं अवधूत सांगतो. आपण फ्रीजमध्ये पिशव्या भरून बेल ठेवतो आणि अर्धा फेकतो. बेलपान शिळं होत नाही, वाहिलेलं पान धुऊन पुन्हा वाहता येतं, हे आपल्या आज्या सांगत आल्या. मग हजार पानांचा हट्ट कोणासाठी होता? खरं सांगायचं तर फोटोसाठी.

*त्या पानांचे दुसरे धनी*

बेल, लिंबू आणि कढीपत्ता ही एकाच कुळातली झाडं. लिंबाळी नावाचं काळं-पिवळसर फुलपाखरू या तिन्हींवर अंडी घालतं. अळी लहान असते तेव्हा अगदी पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून पक्षी तिला टाळतात. मोठी झाली की हिरवीगार होते. तिला डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण तीन-चार आठवडे लागतात. कढीपत्त्याची थोडी पानं जातात, पण वाढलेलं झाड त्याने मरत नाही, पुन्हा फुटतं. म्हणून गटावर "अळी पडली, कोणतं औषध मारू?" असं विचारण्याआधी तीन आठवडे थांबून बघा. फोडणीला पानं कमी पडली तर शेजारच्या बेनकडे मागा. त्यांना मुलांसकट अळी बघायला बोलवा.

शनिवारी मारुतीला रुईची माळ घालतो. त्या रुईवर बिबळ्या कडवा हे फुलपाखरू वाढतं. रुईचा चीक पोटात गेल्यामुळे अळी आणि फुलपाखरू दोन्ही पक्ष्यांना नकोसे होतात. गणपतीच्या 21 पत्रींत कण्हेर आहे. तिच्यावर हबशी फुलपाखराची अळी असते. तिचा कोष आरशासारखा चमकतो. एकदा पाहिला की विसरत नाही.

जास्वंदीकडे शिंजीर येतो. सकाळी सहालाच सगळी फुलं खुडली, तर तो रिकाम्या झाडाभोवती फिरून जातो. शिंपी पक्षी मोठी पानं शिवून त्यात घरटं करतो. शिवलेलं पान दिसलं तर त्या फांदीला हात लावू नका. सूर्यास्तानंतर झाडं झोपतात, पानं तोडू नका, असं लहानपणी ऐकलं होतं. त्या वेळी फांद्यांवर पाखरं विसाव्याला आलेली असतात, हे आता लक्षात येतं.

*वाटून घेणं म्हणजे काय*

गृहस्थाच्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञ आहे. जेवणाआधी कावळ्याला घास, गाईला ग्रास, मुंग्यांना पिठी. आज फ्लॅटमध्ये हे सगळं जमत नाही. पण गॅलरीत पसरट मातीच्या भांड्यात पाणी ठेवता येतं. ते रोज बदलावं आणि भांडं घासावं, नाहीतर डासांची सोय होते.

आपल्या वडोदऱ्याच्या नावातच वड आहे. आपल्या सोसायट्यांत मोर फिरतात, वानरं जास्वंद खातात, आणि पावसाळ्यात विश्वामित्रीला पाणी चढलं की मगरसुद्धा रस्त्यावर येते. तेव्हा गर्दी करून चित्रफीत काढू नये. वनखात्याला कळवावं आणि दूर राहावं. घरट्याचंही तसंच. फोटो गटावर जरूर टाका, पण पानं बाजूला करून, पिल्लांच्या तोंडाजवळ मोबाइल नेऊन नको. आपण आनंद वाटावा, पत्ता वाटू नये.

ऋतूप्रमाणे पाहायला पुष्कळ आहे. आत्ता पावसाबरोबर आलेला चातक ऐका. गावाबाहेर बाभळीवर सुगरणीचं घरटं विणलं जात असेल, ते मुलांना दाखवा. विणणारा नर असतो, पसंत करणारी मादी, हे सांगितलं की घरात हशा पिकतो. थंडीत डभोईजवळच्या वढवाणा तलावावर एक सकाळ जा. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब तिथे दिसतात. 2021 मध्ये हा तलाव रामसर यादीत आला.

*या श्रावणात आम्ही ठरवलेलं*

1. बेल 11 किंवा 21 पानांचाच. डहाळी मोडायची नाही.
2. खुडण्याआधी फांदी वरून आणि पान उलटून बघायचं. अंडं, अळी, कोष किंवा घरटं असेल तर ते झाड सोडायचं.
3. झाडावर निम्मी फुलं ठेवायची. दुसऱ्याच्या अंगणातली विचारल्याशिवाय घ्यायची नाहीत.
4. केंद्राच्या कुंपणाशी एक बेल आणि एक कढीपत्ता लावायचा. त्याची पानं पूजेला घ्यायची नाहीत. ती अळ्यांची.

*स्वाध्याय (घरात सगळ्यांनी मिळून)*

आपल्या दारात या आठवड्यात कोण कोण आलं, याची यादी मुलांकडून लिहून घ्या. अवधूताच्या 24 गुरूंपैकी आपल्या गॅलरीत कोणते भेटतात, ते शोधा. आणि एक प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा : देवाला वाहताना मी कोणाचं घेतलं?

गेल्या महिन्यात त्याच बेलावर पुन्हा होल्याची जोडी दिसली. यावेळी आम्ही झाडाखालून आवाज न करता गेलो.

जय गुरुदेव.